हुंड्या, बाँड आणि 'जे पैसे मी माझे म्हणते' : अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सची पत्रं कशी वाचायची

जून १७७५. बोस्टन शहराला वेढा पडलाय, आत ब्रिटिश सैन्य आणि बाहेर बंडखोर शेतकऱ्यांची फौज, आणि तिथून थोड्याच मैलांवर ब्रेनट्री नावाच्या गावात एक तिशीतली बाई चार लहान मुलांना घेऊन राहतेय. नवरा शेकडो मैल लांब फिलाडेल्फियाला, काँग्रेसच्या बैठकीत, म्हणजे ब्रिटनविरुद्ध उठलेल्या अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत. ती त्याला पत्र लिहिते, त्यात युद्धाच्या बातम्या आहेत, घरची खुशाली आहे आणि मधेच एक काम सांगितलंय, की येताना टाचण्या घेऊन ये. इथे टाचण्यांची नुसती बोंब आहे, जे आधी साडेसात शिलिंगला मिळायचं त्याला आता वीस शिलिंग पडतात आणि तेवढे देऊनही मिळत नाही, तर सहा हजार टाचण्यांचा एक गठ्ठा घे आणि ट्रंकेत टाक.

ही बाई म्हणजे अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स, आणि नवरा जॉन अ‍ॅडम्स, जो पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. दोघांची मिळून अकराशेच्या वर पत्रं आज शिल्लक आहेत, मूळ कागद बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. बहुतेकांना त्यातलं एकच पत्र माहीत असतं, मार्च १७७६ चं, ज्यात ती नवऱ्याला म्हणते की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका. ते पत्र मोठं आहेच. पण मला ती टाचण्यांची ओळ जास्त महत्त्वाची वाटते, कारण पुढची चाळीस वर्षं ही बाई जे करत राहिली त्याची सुरुवात तिथे दिसते. भाव काय चाललाय, टंचाई कशाची आहे, कुठून काय आणलं तर फायदा आहे. प्रेमपत्रं म्हणून गाजलेली ही पत्रं खरं तर एका घराचं हिशेबाचं चोपडंसुद्धा आहेत, आणि ते चोपडं वाचता यायला त्या काळचा पैसा कसा चालायचा हे आधी समजून घ्यावं लागतं. तेच इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट, बँक नव्हती. अमेरिकेतली पहिली व्यापारी बँक फिलाडेल्फियाला १७८२ मध्ये सुरू झाली, बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये १७८४ ला. त्याआधी पैसे ठेवायचे कुठे, पाठवायचे कसे, उधार कुणाकडून घ्यायचं? तर नातेवाइकांकडून. काका, मेहुणा, चुलतभाऊ, ओळखीतला व्यापारी. त्यामुळे त्या काळातल्या कुठल्याही घराची पत्रं उघडा, एका पॅरात कुणाला गोवर आलाय आणि दुसऱ्या पॅरात अमक्याकडे आपले पन्नास पौंड आहेत ते व्याजाने दे, असं सगळं एकत्रच सापडतं. आपल्याला वाटतं की ही बाई विषय बदलतेय, पण विषय एकच असतो, घर. कुणावर भरवसा ठेवायचा हा प्रश्न घरगुतीही होता आणि आर्थिकही.

दुसरं, चलन. हिशेब पौंड-शिलिंग-पेन्समध्ये, पण हातात खणखणीत नाणं म्हणून यायचा तो बहुतेक स्पॅनिश चांदीचा डॉलर. आणि त्या एका डॉलरचे शिलिंग किती, तर मॅसॅच्युसेट्समध्ये ६, पेनसिल्व्हेनियात साडेसात आणि न्यूयॉर्कमध्ये ८. म्हणजे पत्रात नुसतं 'दहा पौंड पाठवतोय' लिहून भागत नाही, कुठले दहा पौंड ते सांगावं लागतं. म्हणून या पत्रांत 'लॉफुल मनी' (मॅसॅच्युसेट्सचा अधिकृत दर), 'स्टर्लिंग' (ब्रिटिश पौंड), 'हार्ड मनी' (खरं नाणं) असे शब्द सारखे येतात, आजच्या वाचकाला ते बारीकसारीक वाटतात पण तिथेच तर खरी किंमत ठरायची.

तिसरं म्हणजे हुंडी. आपल्याकडे हा शब्द आहे हे बरंय, कारण बिल ऑफ एक्स्चेंज म्हणजे जवळपास तेच. समजा जॉन पॅरिसला आहे (फेब्रुवारी १७७८ मध्ये तो फ्रान्सला निघाला, मधले काही महिने सोडले तर पुढची दहा वर्षं युरोपातच) आणि अ‍ॅबिगेलला ब्रेनट्रीत पैसे हवेत. रोकड जहाजातून पाठवणं म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या घशात घालणं. मग ती जॉनच्या नावावर एक हुंडी लिहिणार, 'हा कागद दाखवणाऱ्याला इतके पैसे द्या', आणि ती हुंडी बोस्टनच्या एखाद्या व्यापाऱ्याला विकणार, ज्याला युरोपात कुणाचे तरी पैसे चुकते करायचेत. व्यापारी तिला इथे रोख देतो आणि त्याचा माणूस तिकडे जॉनकडून वसूल करतो. पैसा समुद्र ओलांडतच नाही, नुसता कागद ओलांडतो. आणि कागद बुडू नये म्हणून एकाच हुंडीच्या तीन-चार प्रती काढून वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या, जी आधी पोचेल ती वटेल, बाकीच्या आपोआप रद्द.

पत्रांचंही तसंच. महत्त्वाचं पत्र दोन-तीन जहाजांनी पाठवायचं. पोचायला महिने लागायचे, कधी पोचायचंच नाही, आणि शत्रूच्या हाती पडायची भीती कायम. १७७५ च्या उन्हाळ्यात जॉनची पत्रं खरंच पकडली गेली होती आणि विरोधकांनी ती वर्तमानपत्रात छापली, त्यातलं एक बायकोला लिहिलेलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याने एक मोठी वही घेतली आणि आपल्या पत्रांची नक्कल त्यात उतरवून ठेवायला लागला, आणि बायकोलाही सुचवलं की तूही असंच कर. आज एवढं सगळं शिल्लक आहे त्यामागे ही शिस्तही आहे.

आता महागाई. युद्ध चालवायला काँग्रेसकडे कर लावायचा अधिकार नव्हता, मग नोटा छापल्या, १७७५ ते १७७९ मध्ये जवळपास २४ कोटी डॉलरच्या. नोटा वाढल्या तशी किंमत घसरत गेली, आणि मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच मान्य केलं की आता ४० कागदी डॉलर बरोबर १ चांदीचा डॉलर. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि अ‍ॅबिगेलच्या पत्रांतून महिन्यामागून महिना बघणं वेगळं, मजुरी वाढतेय, गडी मिळत नाहीत कारण सगळे सैन्यात किंवा शत्रूची जहाजं लुटायचा परवाना असलेल्या खासगी जहाजांवर, करांचा बोजा चढतोय. शेवटी १७७८ मध्ये तिने शेती स्वतः करून घेणं सोडलं आणि अर्धेलीने लावून टाकली, अर्धं कुळाचं अर्धं मालकाचं. कटकट कमी, आणि नोटांऐवजी धान्याच्या रूपात वाटा हातात.

जुलै १७७७ च्या पत्रातला एक प्रसंग तर डोळ्यांपुढून हलत नाही. बोस्टनमध्ये एका धनाढ्य, कंजूष, बिनलग्नाच्या व्यापाऱ्याने गोदामात कॉफी दाबून ठेवली होती आणि एक पौंड वजनाला ६ शिलिंगांखाली द्यायला तयार नव्हता. शंभराच्या आसपास बायका गाडे घेऊन गेल्या आणि किल्ल्या मागितल्या. त्याने नाही म्हटल्यावर एकीने त्याची मानगूट धरली आणि गाड्यात टाकला, मग किल्ल्या निघाल्या, बायकांनी गाडा उलटा करून त्याला खाली ओतला, गोदाम उघडून कॉफी काढली आणि निघून गेल्या. बाप्ये मंडळी थक्क होऊन नुसती बघत उभी होती असं ती लिहिते. नवरा तिकडे काँग्रेसमध्ये नोटांवर चर्चा करतोय आणि त्या नोटांनी रस्त्यावर काय होतंय याचा रिपोर्ट त्याला घरून येतोय.

आणि अशा काळात अ‍ॅबिगेलने काय केलं, तर धंदा काढला. तिने जॉनला कळवलं की हुंड्यांपेक्षा माल पाठव. जॉन फ्रान्समधून, हॉलंडमधून, आणि स्पेनच्या बिल्बाओतली गार्दोकी नावाची पेढी तिकडून, रुमाल, रिबिनी, पंखे, लिननचं कापड, चहा, चिनी मातीची भांडी असल्या वस्तू पाठवायला लागले. घरात लागेल तेवढं ठेवायचं आणि बाकीचं नात्यातल्या माणसांकरवी विकायचं. छोट्या वस्तू का, तर जागा कमी लागते, टंचाईमुळे नफा भरपूर, आणि एखादं जहाज पकडलं गेलं तरी सगळं बुडत नाही, जे पोचेल त्यात बुडालेल्याची भरपाई होऊन वर उरतं. जॉनला या सगळ्यात विशेष रस नव्हता, पण तो पाठवत राहिला. एक लक्षात घ्या, ही खरेदीची यादी नाहीये, हे इंपोर्टचं दुकान आहे आणि त्याची ऑर्डरबुकं म्हणजे 'माय डिअरेस्ट फ्रेंड' अशी सुरुवात असलेली ही पत्रं.

यातून उरलेला पैसा कुठे गुंतवायचा यावर नवरा-बायकोचं एकमत नव्हतं, आणि माझ्या मते या सगळ्या पत्रव्यवहाराचा हाच गाभा आहे. जॉन शेतकऱ्याचा मुलगा, त्याला जमीन हवी. ब्रेनट्रीतली शेजारची शेतं, खाजण, जंगलाचा तुकडा, मिळेल ते. अ‍ॅबिगेलचं म्हणणं जमीन म्हणजे कर, डागडुजी, गडी आणि हातात येणार काय. १७८३-८४ च्या हिवाळ्यात तिने त्याला साफ लिहिलं की जमीन घेण्यापेक्षा पैसे लावायचा जास्त फायद्याचा एक मार्ग आहे, सरकारी कर्जरोखे.

हे कर्जरोखे जरा नीट समजून घेऊ. युद्धात सरकारने लोकांकडून कर्ज घेतलं, सैनिकांना पगाराऐवजी आणि शेतकऱ्यांना धान्याऐवजी कागद दिले, 'सरकार तुम्हाला इतकं देणं लागतं'. युद्ध संपलं, सरकारकडे पैसा नाही, लोकांचा विश्वास उडाला आणि ज्याला आज पोट भरायचंय तो आपला कागद मिळेल त्या भावाला विकायला लागला. समजा १०० डॉलरचा रोखा बाजारात २५ ला मिळतोय. व्याज ६ टक्के, पण ते छापील १०० वर, म्हणजे ६ डॉलर. तुम्ही घातले २५ आणि वर्षाला मिळाले ६, म्हणजे २४ टक्के. आणि उद्या सरकारने पूर्ण शंभर फेडले तर चौपट. न फेडले तर कागद रद्दीत. ही सगळी बाजी सरकारवरच्या विश्वासाची. अ‍ॅबिगेलला हे आधीच कळलं होतं, १७७७ मध्येच तिने काँग्रेसच्या कर्जाचा एक रोखा घेतला होता आणि मार्च १७७८ च्या आधी घेतलेल्या रोख्यांवरचं व्याज फ्रान्सवरच्या हुंड्यांत मिळायचं, म्हणजे भरताना घसरलेल्या नोटा आणि व्याज मात्र खऱ्या पैशात.

जमिनीच्या बाबतीत ती एकदाच मोहात पडली आणि तीही लांबच्या जमिनीच्या. १७८२ मध्ये तिने व्हरमाँटच्या जंगलात जमीन घेतली, एका माणसाला ३३० एकरांची मर्यादा होती म्हणून जॉनच्या नावे आणि चारही मुलांच्या नावे एकेक तुकडा. स्वतःच्या नावे नाही, कारण लग्न झालेल्या बाईच्या नावे घेता येत नव्हता. जॉनने उत्तर पाठवलं की व्हरमाँटच्या भानगडीत आता आणखी पडू नकोस, मला समुद्राचा वास येईल अशाच ठिकाणी राहायचंय.

१७८४ मध्ये ती स्वतः युरोपला गेली आणि मागे सगळा कारभार कॉटन टफ्ट्स यांच्यावर सोपवला. हे तिच्या मावशीचे यजमान, वेमथ गावात डॉक्टर. आता पत्रांची गंमत अशी की लंडनहून टफ्ट्सकाकांना दोघांचीही पत्रं जातात, जॉनचं की अमुक शेत विकायला निघालंय ते घ्या, आणि अ‍ॅबिगेलचं की नको, रोखे घ्या. काकांनी दोघांनाही सांभाळलं, थोडी जमीन, थोडे रोखे. १७८७ मध्ये त्यांनीच या दोघांसाठी ६०० पौंडांना ते घर घेतलं ज्याला नंतर पीसफील्ड म्हणायला लागले आणि जे आजही क्विन्सी शहरात उभं आहे.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते कारण अ‍ॅबिगेलवर लिहिताना ती बऱ्याचदा गाळली जाते. रोख्यांवरचं व्याज द्यायला मॅसॅच्युसेट्स सरकारने भारी कर लावले, तेही खऱ्या नाण्यात भरायचे. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे नाणं कुठून येणार? जमिनी जप्त व्हायला लागल्या, लोक कर्जापायी तुरुंगात गेले आणि १७८६ मध्ये बंड झालं, ज्याला डॅनियल शेज या माजी सैनिकाचं नाव पडलं. त्यांच्यातल्या कितीतरी सैनिकांनी आपले पगाराचे कागद आधीच मातीमोल विकले होते आणि आता दुसऱ्याच्या हातात गेलेल्या तसल्याच कागदांसाठी त्यांच्याकडून कर वसूल होत होता. जानेवारी १७८७ मध्ये अ‍ॅबिगेलने लंडनहून थॉमस जेफरसनला, म्हणजे अमेरिकेच्या फ्रान्समधल्या राजदूताला, लिहिलं त्यात ती या लोकांना अडाणी, बेचैन, विवेक नसलेले दांडगे म्हणते. जेफरसनने पॅरिसहून उत्तर दिलं की मला अधूनमधून थोडं बंड झालेलं आवडतं, ते वातावरणातल्या वादळासारखं असतं. हे वाक्य जगभर गाजलं. पण ज्या पत्राला हे उत्तर आहे ते लिहिणारीच्या घरात रोखे होते, हे माहीत असलं की दोन्ही पत्रं वेगळी वाचली जातात. मला अ‍ॅबिगेल फार आवडते, पण इथे ती मला पटत नाही. बोस्टनच्या कॉफीवाल्या बायकांची बाजू जिला कळली तिला शेजच्या माणसांची कळायला हवी होती.

पुढे १७९० मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन ट्रेझरी सेक्रेटरी, म्हणजे अर्थमंत्री, म्हणून काँग्रेससमोर प्रस्ताव घेऊन आला, केंद्राचं साधारण ५ कोटी ४० लाख डॉलरचं कर्ज आणि वर राज्यांचं अंदाजे अडीच कोटींचं, सगळं नव्या सरकारने अंगावर घ्यावं आणि जुन्या रोख्यांच्या बदल्यात नवे द्यावेत. काँग्रेसमधला प्रतिनिधी जेम्स मॅडिसन म्हणाला की ज्यांनी कागद स्वस्तात घेतले त्यांना सगळा फायदा कशाला, मूळ सैनिकांनाही वाटा द्या. फेब्रुवारी १७९० मध्ये तो प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ मतांनी पडला. ऑगस्टमध्ये हॅमिल्टनचा कायदा झाला आणि रोखे धरून बसलेल्यांचं भलं झालं, त्यात उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सचं घरही आलं. बायकोने नवऱ्याचं ऐकून सगळा पैसा शेतात घातला असता तर म्हातारपण बरंच ओढगस्तीचं गेलं असतं असं मला वाटतं.

आता कायद्याचं बघू, कारण त्याशिवाय शीर्षकातलं वाक्य कळणार नाही. इंग्लंडकडून आलेल्या कॉमन लॉ प्रमाणे लग्न झालं की कायद्यापुढे नवरा-बायको एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची रोकड, दागिने, कमाई सगळं त्याचं. तिच्या माहेरच्या जमिनीचा कारभारही त्याच्याकडे. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नाही, नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नाही. आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना तरी होती, तिथे तेवढंही नाही. (टर्म इन्शुरन्स घेताना एजंट ज्या १८७४ च्या मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्टचं नाव घेतो ना, तो याच इंग्रजी नियमाला फाटा द्यायला आलेल्या कायद्यांपैकी.) मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहित स्त्रीला मालमत्तेचा हक्क देणारा कायदा १८५५ मध्ये आला, अ‍ॅबिगेल जाऊन तोवर ३७ वर्षं झाली होती.

आणि तरी ही बाई एका पत्रात नवऱ्याला लिहिते, 'जे पैसे मी माझे म्हणते'. तिने ते बाजूला काढले होते, ओळखीच्या माणसाकडे ठेवले होते, पुढे टफ्ट्सकाकांच्या मार्फत रोख्यांत लावले. शब्दरचना बघा, 'माझे पैसे' नाही, 'जे मी माझे म्हणते'. कायदा काय म्हणतो हे तिला पक्कं माहीत आहे, नवऱ्यालाही माहीत आहे. जॉनने त्यावर हक्क सांगितला नाही. १७७६ मध्ये त्याने तिची बायकांबद्दलची मागणी हसण्यावारी नेली होती, मला तर हसूच येतं असं लिहिलं होतं, पण स्वतःच्या घरात मात्र ती मागणी वर्षानुवर्षं चालू दिली.

नातेवाईक हीच बँक असण्याची दुसरी बाजूही या पत्रांत आहे आणि ती वाचवत नाही. थोरला मुलगा जॉन क्विन्सी परराष्ट्र सेवेत युरोपला गेला तेव्हा आपली बचत धाकट्या भावाकडे, चार्ल्सकडे ठेवून गेला. चार्ल्स न्यूयॉर्कला वकील, आणि बहिणीचा नवरा विल्यम स्मिथ जमिनीच्या सट्ट्यात. भावाचे पैसे त्या बाजूला गेले आणि बुडाले. युरोपातून हिशेब विचारणारी पत्रं येत राहिली आणि इकडून उत्तरं येईनाशी झाली. चार्ल्स दारूत बुडाला आणि १७९० चं दशक संपता संपता, वडील अध्यक्ष असताना, नोव्हेंबर १८०० मध्ये तिशीत गेला. आईने आयुष्यभर ज्या पद्धतीने पैसा सांभाळला, म्हणजे घरच्या माणसावर विश्वास टाकून, तीच पद्धत एका मुलाला खाऊन गेली.

आणि १८०३ मध्ये लंडनची बर्ड, सॅव्हेज अँड बर्ड ही पेढी बसली तेव्हा तिथे ठेवलेले म्हाताऱ्या अ‍ॅडम्स दांपत्याचे सुमारे १३ हजार डॉलर अडकले. या वेळी जॉन क्विन्सी मदतीला आला, स्वतःची मालमत्ता विकून आईवडिलांना सावरलं. तोच मुलगा ज्याची बचत भावाने बुडवली होती.

जानेवारी १८१६ मध्ये अ‍ॅबिगेल ७१ वर्षांची होती. तिने कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं, चार पानांचं. नवरा जिवंत, म्हणजे कायद्याने वाटायला तिच्याकडे काही नाहीच. दोन मुलांना माहेरकडून आलेल्या जमिनीतला वाटा, आणि बाकी रोकड, शेअर, रेशमी गाऊन, दागिने हे जवळपास सगळं बायकांना. नाती, भाच्या, सुना, घरात काम करणाऱ्या बायका. कुणाला किती ते नावानिशी. २८ ऑक्टोबर १८१८ ला ती गेली. तो कागद कोर्टात टिकणारा नव्हता, पण जॉन आणि जॉन क्विन्सी यांनी त्यात लिहिल्याप्रमाणे वाटप केलं.